निळी शाई आल्यावर दलदल भरणे

पट्टीसाहेबांच्या बायकोला झोप येत नव्हती, आणि त्यामुळे इमारतीतल्या कोणालाच स्वस्थ बसवत नव्हतं.

ताप असता, पाय मुरगळला असता, तर लोक एकदा येऊन विचारपूस करून मोकळे झाले असते. पण झोपेचं असं आहे, की ज्याला ती फुकटात मिळते त्याला आपण त्या विषयातले पंडित आहोत असं वाटतं. खालच्या वहिनींनी कोमट दूध सांगितलं. समोरच्या गणिताच्या मास्तरांनी शंभरापासून उलटे आकडे मोजायला सांगितले. बायकोने ते प्रामाणिकपणे मोजले आणि शून्याच्या खाली आपण कुठवर गेलो हे सकाळी जिन्यात सांगितलं, तेव्हा मास्तरच खजील झाले. वरच्या मजल्यावरचे कंपाउंडर तर रोज नवं काहीतरी सुचवत. एका दवाखान्यात चाळीस वर्षं पुड्या बांधल्यामुळे डॉक्टरांना जे कळत नाही तेच नेमकं आपल्याला कळतं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

पट्टीसाहेब हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. नकाशा कार्यालयात ते एकतीस वर्षं आरेखक होते, म्हणजे मोजणीवाल्यांनी आणलेल्या आकड्यांवरून हाताने नकाशे काढत. शर्टाच्या खिशात पेन न ठेवता सहा इंची स्टीलची पट्टी ठेवत. आयुष्यात त्यांनी एकही रेघ वाकडी काढली नव्हती आणि रस्त्यावरसुद्धा तुटक रेघ ओलांडताना ते क्षणभर थांबत. असा माणूस बायकोची झोप हरवल्यावर हातावर हात धरून बसेल कसा?

बायको हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होती. तीस वर्षं तिने "थांबा, जोडते" एवढ्या दोन शब्दांवर अख्खं हॉस्पिटल चालवलं होतं. सात महिन्यांपूर्वी ती निवृत्त झाली आणि त्याच आठवड्यात तिची झोप उडाली. आता झोपेला शांतता लागते हे तर उघडच आहे. पट्टीसाहेबांनी पद्धतशीरपणे शांतता करायला घेतली. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. भिंतीवरचं घड्याळ बंद केलं. घरातल्या फोनची वायर काढून ठेवली, बायकोचा मोबाइल मुका केला, आणि स्वतः पायमोजे घालून घरात वावरू लागले. खोकला आला तर गॅलरीत जाऊन खोकत. घर इतकं शांत झालं, की नळातून पडू पाहणारा थेंबसुद्धा दोनदा विचार करायचा. बायको मात्र टक्क उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडलेली असायची आणि दिवसा भिंतीला धरून चालायची. तिचं वजन उतरलं होतं. चहात साखर दोनदा पडायची, नाहीतर पडायचीच नाही. पट्टीसाहेबांना मनातून फार भीती वाटत होती, पण ती कुठल्या रकान्यात लिहायची हे त्यांना कळत नव्हतं.

एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आईच्या कपाटात वेखंड असायचं, कपड्यांना कीड लागू नये म्हणून. ताजं मूळ. लहानपणी त्या कपाटाचं दार उघडं ठेवून मी त्याच्यासमोरच झोपायचे. काय वास होता हो तो!"

पट्टीसाहेब त्याच पावली वाण्याकडे गेले आणि वाळलेलं वेखंड घेऊन आले. बायकोने ते हुंगलं.

"हे जुनं आहे हो. खडूसारखं लागतंय."

वेखंड पाणथळ जागी उगवतं, चिखलात पाय रोवून. आणि चिखल तर पट्टीसाहेबांच्या टेबलामागच्या खिडकीतच होता! कार्यालयाच्या मागे मोठी दलदल होती. सकाळी तिच्यावर पांढरं धुकं बसलेलं असे. दुपारी पाणी, गवत आणि आकाश एकमेकांत विरघळून जात, आणि जेवणानंतर खिडकीकडे बघणाऱ्याचे डोळे आपोआप जड होत. एकतीस वर्षांत त्या दलदलीने कार्यालयाची किती कामं लांबवली असतील, याचा हिशेब नाही. तिच्यातच तलवारीसारख्या पानांचे हिरवेगार झुबके उभे होते. पट्टीसाहेबांनी मधल्या सुट्टीत पँट दुमडली, मागचं दार उघडलं आणि थबकले. समोर पाटी होती: "पाणथळ क्षेत्र. परवानगीशिवाय वनस्पती उपटण्यास मनाई."

दुसरा कोणी असता तर पाटीकडे पाठ करून हळूच एक मूळ उपटून आला असता. पट्टीसाहेबांनी पँट सरळ केली आणि अर्ज आणायला गेले.

अर्ज तीन प्रतींत होता. सोबत जागेचा नकाशा जोडायचा होता. नकाशा म्हणजे घरचंच काम! त्या भागाचं शीट क्रमांक सत्तेचाळीस तर खुद्द त्यांच्याच हातचं, आणि कार्यालयाची शान. नवीन माणूस कामाला लागला की मोठे साहेब त्याला शीट सत्तेचाळीससमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "बघ. एक खोडाखोड नाही, एक डाग नाही." महिनाअखेरीला पट्टीसाहेब निवृत्त होणार होते. निरोप समारंभात त्याच शीटची चौकट करून त्यांना द्यायचं ठरलं होतं, आणि ही गोष्ट त्यांच्यापासून गुप्त ठेवल्याचं सगळ्यांनी त्यांना येऊन सांगितलं होतं.

त्यांनी शीट उलगडलं. कार्यालय होतं, रस्ता होता, कार्यालयामागे कुंपण होतं. कुंपणामागे काहीच नव्हतं. स्वच्छ पांढरा कागद.

पट्टीसाहेब बराच वेळ त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांनी टेबलाची काच उचलली. काचेखाली दोन कॅलेंडरं होती, सुट्ट्यांची यादी होती, लेकीचा शाळेतला फोटो होता, आणि सगळ्यांच्या तळाशी त्यांच्याच वळणदार अक्षरातली पिवळी पडलेली चिठ्ठी होती: "निळी शाई आल्यावर दलदल भरणे."

बावीस वर्षांपूर्वी निळी शाई संपली होती. मागणी गेली, शाई चार महिन्यांनी आली, तोवर शीट छापायला गेलं होतं आणि चिठ्ठीवर सुट्ट्यांची यादी चढली होती. पुढे नकाशे संगणकावर आले. पण संगणकाने तरी कशावरून उतरवायचे? शीट सत्तेचाळीसवरूनच. खिडकीबाहेर बेडूक ओरडत होते, आणि कागदोपत्री तिथे ठणठणीत कोरडी जमीन होती.

तरीही ते परवानगी देणाऱ्या पाणथळ कक्षात गेले. माणसाला आशा असते.

तिथल्या अधिकारी मॅडम वयाने त्यांच्या लेकीएवढ्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला, नकाशा पाहिला.

"सर, इथे तर पाणी नाहीये."

"आहे ना. आमच्या खिडकीतून दिसतं."

"खिडकी जोडपत्र म्हणून चालत नाही सर."

"अहो, पण पाटी तुमच्याच कक्षाने लावलीय!"

"पाटी लावली ती पाणी बघून," मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "परवानगी द्यायची असते ती नकाशा बघून. नकाशा दुरुस्त करून आणा. ज्यांनी हा काढलाय त्यांचं चूक झाल्याचं कबुलीपत्र लागेल. कोणी काढलाय?" त्यांनी कोपऱ्यातली सही वाचायचा प्रयत्न केला. "फार सुंदर सही आहे, पण नाव काही लागत नाही. आणि हो, वनस्पतीचा नमुनाही जोडायचा राहिलाय."

पट्टीसाहेबांनी शीटची गुंडाळी केली आणि सहीची बाजू आत घेतली.

कबुलीपत्र! निवृत्तीला सोळा दिवस उरलेले असताना! त्यांनी स्वतःला समजावलं, की महिनाअखेर होऊन जाऊ दे, मग बघू. पण घरी बायको भिंतीला धरून चालत होती, आणि तिच्याकडे बघितलं की हे समजावणं त्यांचं त्यांनाच पटत नव्हतं.

अशा वेळी कंपाउंडर मदतीला धावले.

"परवानग्या कसल्या मागत बसलात पट्टीसाहेब? माझ्या माहितीतलं तळं आहे," असं म्हणून ते दुसऱ्याच दिवशी बादलीभर चिखल आणि त्यात उभा असलेला तलवारीच्या पानांचा झुबका घेऊन आले. झुबका वॉशिंग मशीनच्या जुन्या टबात, टब गॅलरीत, आणि टबाच्या तळाला असलेलं भोक थेट खालच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या चादरींवर. वहिनी वर आल्या त्या भांडायला, पण झुबका बघून विरघळल्या. "वेखंड? अगंबाई! आमच्या सासूबाई म्हणायच्या, त्याने आवाज सुटतो, बुद्धी तल्लख होते." मास्तर म्हणाले, सर्दी जाते. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी डास जातात म्हणून सांगितलं, आणि ते ऐकायला टबावर पुष्कळ डास जमले होते.

चिखलाबरोबर एक बेडूकही आला होता. संध्याकाळ झाली आणि त्याने असा काही सूर लावला, की पट्टीसाहेबांनी सात महिने राबून केलेल्या शांततेच्या चिंधड्या उडाल्या. नेमका त्याच संध्याकाळी गॅलरीतल्या खुर्चीत बायकोचा दहा मिनिटं डोळा लागला. कंपाउंडरांनी त्याचं श्रेय पानांना आणि पानांमार्फत स्वतःला दिलं. पट्टीसाहेबांना वाटलं, एवढ्या कोलाहलात दहा मिनिटं, मग शांततेत किती झोपेल! त्यांनी बेडकाला टॉवेलात धरलं आणि पायमोज्यांनिशी जिना उतरून लांबच्या ओढ्यात सोडून आले.

त्यानंतर पुन्हा सगळं ये रे माझ्या मागल्या.

"नुसत्या पानांनी काय होणार?" कंपाउंडर म्हणाले. "खरा गुण मुळात. उद्या बरोबर बाराच्या ठोक्याला या वहिनींना दोन चमचे काढा देतो."

"पण याला वास येत नाही हो," बायको म्हणाली. "आईच्या वेखंडाला यायचा."

"वासाचं काय घेऊन बसलात वहिनी? औषध नाकाने घ्यायचंय का?"

दुसऱ्या दिवशी पट्टीसाहेब टबातलं एक पान नमुना म्हणून घेऊन पाणथळ कक्षात गेले. कबुलीपत्र नाही तर नाही, निदान एक रकाना तरी भरलेला असावा. मॅडमनी पान हातात घेतलं, मधोमध मोडलं आणि त्यांच्या नाकापुढे धरलं.

"काय वास येतोय?"

"काहीच नाही."

"मग हे वेखंड नाही सर. वेखंडाचं पान चुरडलं की खोलीभर वास होतो, आणि त्याची मधली शीर थोडी एका बाजूला असते. हे आयरिस दिसतंय, पाण्याकाठचं. दिसायला जुळं भावंड. वाढलं तर पिवळी फुलं येतील. छान दिसेल. फक्त याचं मूळ पोटात जाऊ देऊ नका. ओकाऱ्या, जुलाब, आग. आणि खरं वेखंड मिळालं तरी मनाने काढेबिढे करायचे नाहीत. जास्त झालं की तेही उलटतं, आणि काही जातींत यकृताला वाईट असं द्रव्य असतं. कपाटात ठेवा, हुंगा. पोटात मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही."

पट्टीसाहेबांनी घड्याळ पाहिलं. पावणेबारा. त्यांनी घरी फोन लावला. घरच्या फोनची वायर त्यांनीच काढून ठेवली होती. बायकोचा मोबाइल लावला. तो त्यांनीच मुका केला होता. जिने तीस वर्षं साऱ्या गावाला एकमेकांशी जोडून दिलं, तिच्यापर्यंत पोचायला त्यांनी एक लाइन शिल्लक ठेवली नव्हती.

मग ते धावले. नकाशा कार्यालयाच्या फाटकाशी उभ्या असलेल्यांनी पुढे पुष्कळ दिवस ही गोष्ट एकमेकांना सांगितली, की पट्टीसाहेब धावले, हिरवळीवरून तिरके धावले, आणि रस्ता पट्टे नसलेल्या जागी ओलांडून गेले.

घरी बायको स्वयंपाकघरात शांतपणे तांदूळ निवडत होती.

"काढा?" पट्टीसाहेबांना धाप लागली होती. "काढा घेतलास?"

"नाही बाई. कंपाउंडर म्हणाले, आधी मी मात्रा तपासतो. दोन चमचे घेतले त्यांनी. तेव्हापासून आपल्या बाथरूममध्येच आहेत."

आतून क्षीण आवाज आला, "मात्रा जरा जास्त झाली."

डॉक्टर येऊन गेले, कंपाउंडर संध्याकाळपर्यंत सावरले आणि पुढे चार दिवस त्यांनी कोणालाही काहीही सुचवलं नाही. पट्टीसाहेब मात्र जेवायला बसले ते नावालाच. पहिला घास तसाच हातात राहिला. आपली सही आत गुंडाळायच्या नादात आपण बायकोला भलत्याच झाडाच्या स्वाधीन केलं होतं. नाकापेक्षा मोती जड झाला होता तो असा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कबुलीपत्र लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच देखणं आलं, याचं त्यांना त्यातही वाईट वाटलं. शेवटी लिहिलं: "जोडपत्र: चिठ्ठी, मूळ प्रत."

मोठ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग उठून खिडकीशी गेले आणि दलदलीकडे पहिल्यांदाच बघत असल्यासारखे बघत राहिले.

"बावीस वर्षं?"

"हो साहेब."

"आणि मी हे शीट पोराटोरांना दाखवत होतो." ते खिडकीपासून वळले. "चौकटीला सांगून झालंय हो."

दुरुस्तीचा नियम असा, की नकाशा काढणाऱ्याने स्वतः जागेवर जाऊन कड मोजून द्यायची. नोकरीच्या शेवटच्या शनिवारी, ढगाळ दुपारी, पट्टीसाहेब आणि पाणथळ कक्षाच्या मॅडम दलदलीच्या काठावर उभे राहिले. बायको घरी एकटी नको म्हणून तिलाही आणली होती, घडीच्या खुर्चीसकट. कंपाउंडरही आले होते, झाडाची ओळख पटवायला. पण कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मॅडमनी काठावरचं एक पान चुरडून बायकोच्या तळहातावर ठेवलं. "खाली पडलेलंच घेतलंय. मुळाची परवानगी अजून यायचीय."

बायकोने हात नाकाशी नेला. तिचे डोळे भरून आले.

"हाच," ती म्हणाली. "हाच हो तो."

ती खुर्चीत टेकली. पट्टीसाहेब टेपचं टोक धरून चिखलात शिरले आणि घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत रुतले. आकाश पाण्यावर उतरलं होतं. आणि बेडूक! शंभर असतील, दोनशे असतील, सगळे एकदमच, कोणी कोणाचं ऐकून न घेता ओरडत होते. पट्टीसाहेबांनी काळजीने मागे वळून पाहिलं.

बायकोची मान एका बाजूला कलली होती. तोंड किंचित उघडं होतं. पान मुठीत होतं आणि मूठ मांडीवर सैल पडली होती.

"बेचाळीस मीटर वीस!" पलीकडून मॅडम ओरडल्या.

पट्टीसाहेबांनी असा काही हात हलवला, की मॅडम मध्येच गप्प झाल्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि चटकन तोंडावर हात ठेवला. त्यानंतर शासकीय मोजणी खुणांनी झाली. मॅडम बोटं दाखवत, पट्टीसाहेब मान हलवत, आणि कंपाउंडर, ज्यांना चाळीस वर्षांत कोणी गप्प केलं नव्हतं, चपला हातात घेऊन काठावर पहारा देत होते. मोजणी तासाभरात आटपली. पण चिखलातून पाय काढला की चप्प असा मोठा आवाज येत होता. पट्टीसाहेबांनी एकदा ऐकला आणि दुसरा पाय आत तसाच राहू दिला. एक पाय काठावर, एक चिखलात, खांद्यावर चतुर बसलेला, अशा अवस्थेत ते आणखी दीड तास उभे राहिले. सात महिन्यांत त्यांना इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

ढग सरून तिरपं ऊन आलं तेव्हा बायको जागी झाली. थोडा वेळ तिला आपण कुठे आहोत तेच कळेना.

"मी झोपले होते?"

"अडीच तास," पट्टीसाहेब चिखलातून म्हणाले. "एवढ्या आवाजात कशी झोपलीस गं?"

तिने दलदलीकडे कान लावला आणि हसली.

"अहो, घरी कशी अगदी सामसूम असते. बोर्ड सामसूम झाला की मला वाटायचं, आता वाजेल, आता कोणाचा तरी येईल. कान तिथेच लागून राहायचे. आणि इथे बघा, सगळ्या लाइनी बिझी! सगळे एकमेकांशीच बोलतायत. मला कोणाला जोडून द्यायचंच नाहीये."

पट्टीसाहेबांना आपल्या पायमोज्यांची, तेल घातलेल्या बिजागऱ्यांची आणि टॉवेलातल्या बेडकाची आठवण झाली. मग कंपाउंडरांनी आणि मॅडमनी मिळून त्यांना ओढून बाहेर काढलं. एक बूट दलदलीकडेच राहिला.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी नव्या दौतीचं झाकण उघडलं आणि शीट सत्तेचाळीसवर दलदल भरली. निळ्या बारीक आडव्या रेघा, त्यावर गवताचे तुरे, बावीस वर्षांच्या उशिराने. तीन वाजता मॅडम एका मुळाची परवानगी घेऊन आल्या आणि सही करायला शीटवर वाकल्या. वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या.

"सर, पूर्वेच्या काठावर ही कसली खूण आहे? खुणांच्या सूचीत नाही ही."

पट्टीसाहेबांनी पाहिलं. अगदी बारीक टोकाने काढलेली, मुगाएवढी.

"शाई सांडली," ते म्हणाले.

"टेकायला पाठ आणि चार पाय असलेली?"

"सांडते कधी कधी तशी."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. त्याच काठावर बायको खुर्ची उघडत होती. आज तिने दुसरीही आणली होती. मॅडमनी शीटवर सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "एक डाग आढळला. तसाच ठेवावा."